वेलँड : दोन पडद्यांवर मराठी अक्षरजुळणी करताना आलेला अनुभव

पंचवटीत राहून नाशिकमधील छापखान्यांसाठी मी पुस्तकांची आणि स्मरणिकांची अक्षरजुळणी करतो. संगणकावर उबंटू २४.०४ ही लिनक्स कार्यप्रणाली आहे, ग्राफिक्स इंटेलचे आहे आणि टेबलावर २७ इंची ४के पडद्याशेजारी जुना १०८० पिक्सेलचा पडदा आहे. लॉगिनच्या वेळी कोपऱ्यातील दातेरी चक्रावर क्लिक करून मी सवयीने झॉर्ग ही पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी प्रणाली निवडत असे. गेल्या काही महिन्यांपासून मात्र जवळजवळ सगळे काम वेलँड या तिच्या नव्या पर्यायावर करतो आहे.

झॉर्ग ज्या एक्स ११ पद्धतीवर चालते ती १९८७ सालची आहे. एका मोठ्या संगणकावरील प्रोग्रॅमची चित्रे दूरच्या टर्मिनलवर दाखवता यावीत, ही त्या काळची गरज होती. आज खिडक्या एकत्र जुळवून पडद्यावर आणण्याचे काम कंपॉझिटर नावाचा प्रोग्रॅम करतो आणि एक्स सर्व्हर, म्हणजे झॉर्ग, मधला निरोप्या होऊन बसतो. क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या वेलँडने हा मधला टप्पाच काढून टाकला.

याचा मला झालेला सर्वांत मोठा लाभ म्हणजे अक्षरांची स्पष्टता. मोठ्या पडद्याला १५० टक्के आणि लहान पडद्याला १०० टक्के असे वेगवेगळे प्रमाण देता येते आणि लिब्रेऑफिसमध्ये ‘ऱ्य’मधला अर्धा र किंवा ‘ष्ट्र’ची घडण छपाईपूर्वीच नीट तपासता येते, ज्याने दिवसभर मुद्रिते वाचली आहेत त्याला या फरकाचे मोल सांगावे लागणार नाही. पाने भराभर सरकवताना पडद्यावर मध्येच उमटणारी आडवी चीर नाहीशी झाली आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकाने टंकलेखन करताना कोणताही बदल करावा लागला नाही.

एक्स ११ मध्ये कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्या खिडकीतील मजकूर आणि दाबलेल्या कळा वाचू शकतो. वेलँडमध्ये लेखकाला व्हिडिओ कॉलवर मुद्रित दाखवताना कोणती खिडकी दाखवायची हे आधी विचारले जाते. शेजारच्या पडद्यावर दुसऱ्या ग्राहकाचे हस्तलिखित उघडे असते, त्यामुळे ही विचारणा मला मनापासून आवडते.

उणिवाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. माझ्याकडील चित्रे संपादित करण्याचे गिम्प २.१० हे जुने प्रोग्रॅम वेलँडवर चालवणाऱ्या एक्सवेलँडमार्फत चालते आणि १५० टक्के प्रमाणावर धूसर दिसते, गिम्प ३.० हे वेलँडवर थेट चालणाऱ्या जीटीके ३ या साधनसंचावर असल्यामुळे ती अडचण राहू नये. एक्स ११ वर कळा आपोआप दाबणारे एक्सडूटूल वापरून लिहिलेली माझी मजकूर चिकटवण्याची स्क्रिप्ट निकामी झाली. प्रोग्रॅमला स्वतःच्या खिडकीची जागा ठरवता येत नसल्यामुळे रोज सकाळी खिडक्या हाताने मांडाव्या लागतात, आणि हे मला अजूनही खटकते. उबंटूच्या ग्नोम या डेस्कटॉपचा कंपॉझिटर कोसळला तर सगळे उघडे काम त्याच्यासोबत जाते, म्हणून दर काही मिनिटांनी फाइल जतन करण्याची सवय अंगी बाणवावी लागते.

ज्यांचे काम मजकुराचे आहे त्यांनी २४.०४ वरच वेलँड निःशंकपणे वापरावे, कारण झॉर्गचा पर्याय तेथे शिल्लक आहे. उबंटू २५.१० मध्ये ग्नोमसाठी तो काढून टाकला आहे. पडद्याचे रंगमापन (रंग अचूक जुळवणे) करण्यापुरता मी मात्र अजूनही झॉर्गमध्ये जातो आणि ते आटोपले की परत येतो.