८५० रुपयांचे दहा ‘१९६९’

मी दिलेल्या बनावट ट्रान्झिस्टरने काकांचा वायरलेस सेट जळला, म्हणून हे लिहायला बसलोय. नुसते माझे साडेआठशे गेले असते तर गप्प बसलो असतो. फसलेला माणूस आपण होऊन थोडंच सांगत फिरतो!

माझ्याकडे कोब्रा १४८ जीटीएल हा सीबी वायरलेस सेट आहे. नात्यातले एक जण आखातातून परत येताना घेऊन आले आणि मग तो वीसेक वर्षं माळ्यावर पडून राहिला. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य माणसांना एकमेकांशी बोलायला ठेवलेले २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचे ४० चॅनल. आवाज पाठवायच्या दोन पद्धती, एएमवर ४ वॉट, साइडबँडवर १२. आपल्याकडे त्यातला २६.९५७ ते २७.२८३ एवढाच पट्टा २००५ च्या नियमांनी परवान्याशिवाय वापरायला मोकळा केलाय, तोही ५ वॉटपर्यंत आणि अँटेना सेटमध्येच असेल तर. अमेरिकन सेटचा २८ नंबरचा चॅनल २७.२८५ वर, म्हणजे दोन किलोहर्ट्झने कुंपणाबाहेर. माझ्याकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आहे, त्यामुळे सेटची फ्रिक्वेन्सी सरकवून दहा मीटरच्या बँडवर, २८ मेगाहर्ट्झच्या वर न्यायचा असा बेत होता.

पण आधी तो बोलता तर व्हायला हवा. ऐकू सगळं येत होतं, माइक दाबला की वॉटमीटरचा काटा जागचा हलत नव्हता. फायनल ट्रान्झिस्टर, म्हणजे सिग्नलला शेवटची ताकद देणारा, गेलेला. मित्सुबिशीचा २एससी१९६९, आम्ही नुसतं ‘१९६९’ म्हणतो. १२ व्होल्टवर २७ मेगाहर्ट्झला १६ वॉट देणारा गडी. त्या काळच्या कितीतरी सेटांत हाच असायचा. कंपनीने तो बनवणं केव्हाच बंद केलं. माल संपला, गिऱ्हाईक संपलं नाही, आणि बाकीच्यांचं फावलं.

कोल्हापुरातली शाहूपुरी, लक्ष्मीपुरी पालथी घातली. एका दुकानदाराने नंबर दोनदा वाचला आणि म्हणाला, “भावा, हे सालाचं नाव हाय की पार्टचं?” शेवटी ओळखीच्या ओळखीतून एकाचा फोन नंबर मिळाला. माणूस गोड. “सर, जपानी माल आहे, जुना स्टॉक, पेटीबंद.” फोटो पाठवला. मित्सुबिशीची तीन हिऱ्यांची खूण, अक्षरं कशी कोरीव. सोबत एक व्हिडिओ, त्यात वॉटमीटर १२ वर. दुसरीकडे एका नगाला सातशे सांगत होते, हा दहा नग साडेआठशेला देत होता. इथंच माझी अक्कल जागी व्हायला हवी होती. झाली नाही. उलट दहा घेतले, म्हटलं काकांनाही दोन लागतीलच. पैसे आधी पाठवले.

पाकीट आलं. मल्टिमीटर डायोडवर ठेवून दहाच्या दहा तपासले. बेस, एमिटर, कलेक्टर हे त्याचे तीन पाय. बेस-एमिटर ०.६ व्होल्ट, बेस-कलेक्टर ०.६, कुठे शॉर्ट नाही. मी खूश. पण या तपासणीने एवढंच कळतं की आत कुठलातरी ट्रान्झिस्टर आहे. साध्या ऑडिओ अँप्लिफायरमधला नगही असाच पास होतो. २७ मेगाहर्ट्झला त्याची छाती फुटते, ते मीटरला दिसत नाही.

ट्रान्झिस्टरखालचा मायकाचा पातळ तुकडा धुऊन पुसून घेतला, पांढरी पेस्ट लावली (या ट्रान्झिस्टरची पाठ म्हणजेच कलेक्टर, मायका नसला की थेट सेटच्या बॉडीला शॉर्ट), सोल्डरचे डाग दिले, सेट ५० ओहमच्या डमी लोडला, म्हणजे अँटेनाऐवजी लावायच्या रोधाला, जोडला. माइक दाबला. दीड वॉट.

दीड! चक्क शून्य आला असता तर वाचलो असतो. शून्य आला की माणूस पार्ट बदलतो. दीड आला की वाटतं, ट्यूनिंग राहिलंय. म्हणून मी कॉइल फिरवायला घेतल्या. अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे, काटा एक पॉइंट नऊपर्यंत चढला. तेवढ्यात एका कॉइलचा फेराइटचा गाभा माझ्या हाताखाली कट्‌कन तुटला. चाळीस वर्षं टिकलेला गाभा. बोटाला तो आवाज आधी जाणवला, कानाला नंतर. पंधरा-वीस सेकंदांत ट्रान्झिस्टरही बोट ठेवता येणार नाही इतका तापला आणि काटा खाली बसला.

फोन केला. “सर, मायका नीट बसवला नसेल.” दुसरा नग लावला, तोही गेला. “सर, हाताच्या स्टॅटिकने गेला असेल, मनगटाला बँड घालूनच काम करायचं असतं.” त्या क्षणी मी त्याचं ऐकलं. फोन ठेवल्यावर आठवलं, स्टॅटिकचं एवढं भय मॉसफेट नावाच्या वेगळ्या जातीच्या ट्रान्झिस्टरला असतं. हा धष्टपुष्ट बायपोलर जातीचा. एवढं मला पाठ आहे. तरी समोरचा ठासून बोलला की आपला आपल्या हातावरचाच विश्वास उडतो.

त्याच आठवड्यात मी काकांना दोन नग देऊन आलो होतो. मंगळवार पेठेतले काका. डाग कसा द्यायचा हे मी त्यांच्याकडे शिकलो. पैसे घेतले नाहीत, पण “ओरिजिनल आहेत हं, काका” असं तोंडाने बोललो. त्यांच्या सेटमध्ये तो नग आतून शॉर्ट झाला आणि जाताना ड्रायव्हरही, म्हणजे त्याला सिग्नल पुरवणारा आधीचा ट्रान्झिस्टरही, घेऊन गेला. ड्रायव्हर २एससी२१६६. तोही आता तितकाच दुर्मीळ.

मग मात्र मी उरलेल्यांची चिरफाड केली. बायकोच्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये कापूस बुडवून एकावर घासला. तीन हिरे आणि नंबर सगळं कापसावर आलं, खाली घासून काढलेल्या जुन्या अक्षरांचे चरे. माझ्या सेटमधून निघालेला मूळ जळका नग सुदैवाने फेकला नव्हता. तो आणि नवे घेऊन गुजरीत गेलो, तिथं शाळेतला मित्र सोनारकाम करतो. त्याच्या काट्यावर जुना २ ग्रॅमच्या वर भरला, नवे सगळे त्याहून हलके, आणि एका लॉटचे म्हणवणारे नग एकमेकांशीही जुळेनात. मित्र म्हणाला, “सोन्यात असं आलं असतं तर पळवून मारला असता.”

शेवटी उद्यमनगरात एकाच्या वर्कशॉपमध्ये व्हाइसला लावून जुना आणि एक नवा असे दोन्ही फोडले. जुन्यातली सिलिकॉनची चकती तुरीच्या अर्ध्या डाळीएवढी. नव्यातली मोहरीएवढी. वर्कशॉपवाल्याला त्यातलं काही कळत नाही, पण दोन्ही तळहातावर घेऊन त्याने नुसतं बघितलं आणि मोहरी जमिनीवर झटकली.

फोडलेल्याचा फोटो पाठवल्यावर त्या गोड माणसाचा डीपी दिसेनासा झाला. ब्लॉक. तक्रार केली नाही. रक्कम लहान, वर कोण धावपळ करणार असा विचार केला. तोही हाच हिशेब धरून बसला असणार.

आता मी आधी एकच नग मागवतो आणि तो आला की पहिल्यांदा रिमूव्हर, मग काटा. जळका पार्ट डबीत जपून ठेवतो, तुलनेला तोच एक खरा साक्षीदार. पार्टवर विश्वास बसेपर्यंत कॉइलला हात लावत नाही. आणि दुसऱ्याला द्यायचा तर आधी माझ्या सेटमध्ये दहा मिनिटं चालवून.

काकांना सगळं सांगायला गंगावेशीत दूध कट्ट्यावर गाठलं. पेला संपवेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लेका, तू दिलंस म्हणून मी मीटर पण लावला नाही.”

एका मेलेल्या सेटच्या बोर्डावरून काढलेला खरा १९६९ परवा मिळाला. तो काकांच्या सेटसाठी ठेवलाय. ड्रायव्हर अजून सापडलेला नाही. सेट माझ्या टेबलावर उघडा आहे, झाकणाचे स्क्रू फिल्मच्या जुन्या डबीत.