रेडियमचा पट्टा, १२० रुपये, आणि आमची खारी

कुत्र्याच्या गळ्यात घालायचा रात्री चमकणारा पट्टा, ज्याला सगळे रेडियमचा पट्टाच म्हणतात, त्याचा हा रिव्ह्यू आहे. दोन घेतले, एक ऑनलाइन आणि एक दुकानातून शिवून. पहिला वाया गेला, दुसरा सात महिने झाले अजून चालूय. कुत्रं आमच्या घरातलं नाही, सोसायटीच्या मागच्या गल्लीतलं आहे, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी पट्टा घ्यायचा असेल तर पाळीव कुत्र्यापेक्षा वेगळ्या गोष्टी बघाव्या लागतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही सांगलीकडचे. मिस्टरांची बदली चाकणला झाली म्हणून गेल्या मे महिन्यात मोशीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट भाड्याने घेतला. पोरगा नऊ वर्षांचा, चौथीत. तिकडं आमच्या आळीत बारा-पंधरा पोरं होती, हा सकाळी बाहेर पडला की जेवायला हाका मारून मारून घसा बसायचा माझा. इथं आल्यावर शाळेच्या पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, झालं का लिहून, तर हा म्हणाला "व्हय" आणि सगळा वर्ग हसला. एवढंच झालं, कुणी मारलं नाही की काही नाही, पण त्या दिवसापासून पोरगं शाळेत तोंड उघडेना. खाली खेळायला जा म्हणलं तर जायचा आणि जिन्यात बसून परत यायचा, मला वाटायचं खेळून आला, घाम कसा नाही आला हे माझ्या लक्षातच यायचं नाही.

कोपऱ्यावर बेकरी आहे तिथं दोन कुत्री असायची, बहीण-भाऊ, बेकरीवाल्यांनीच नावं ठेवलेली खारी आणि टोस्ट. खारी फिकट तपकिरी, शेपटीचं टोक पांढरं. दुधाची पिशवी आणायला मी पोराला पाठवायचे तर पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागायला लागला. एक दिवस बघायला गेले तर पार्क केलेल्या टेम्पोच्या आडोशाला हा उकिडवा बसलेला आणि खारी समोर, आणि हा तिला म्हणत होता, "तुला न्हाय का गं शाळा? बरं हाय तुझं." दीड महिन्यात पहिल्यांदा मी त्याला घराबाहेर इतकं बोलताना ऐकलं. मी तशीच मागं फिरले, हाक मारली नाही.

आता पट्ट्याच्या आधी जे करायला हवं ते सांगते, कारण पट्टा घातला की लोकांना वाटतं कुत्रं सेफ झालं. तसं नसतं. वॉचमन काकांनी मला खारीच्या कानाची खाच दाखवली, म्हणजे नसबंदी झालेली आहे, अशी खाच त्या ऑपरेशनच्या वेळीच करतात आणि नियमाप्रमाणे कुत्रं जिथून उचललं तिथंच परत सोडतात. पण खाच म्हणजे यंदाचं रेबीजचं इंजेक्शन झालंय असं नाही, ते दरवर्षी द्यावं लागतं. शेजारच्या गल्लीतल्या एक ताई गेली काही वर्षं स्वतःच्या खर्चाने ते करतात, त्यांच्याकडून तारीख घेतली. मुलाच्या डॉक्टरांना विचारून त्यालाही आधीच लस दिली, तीन डोस, पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. आणि त्याला रोज बजावलं, खाताना हात लावायचा नाही, झोपलेली असेल तर उठवायचं नाही, दात किंवा नख जरासं जरी लागलं तरी पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि मला लगेच सांगायचं, लपवायचं नाही. आधी लस झालेली असली तरी चावल्यावर परत डॉक्टरांकडे जावंच लागतं. पोरं आई ओरडेल म्हणून ओरखडा लपवतात आणि तिथंच घात होतो, म्हणून मी त्याला शब्द दिला की कुत्र्यावरून मी कधीच ओरडणार नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात टोस्ट गेला. रात्री पाऊस, आमच्या मागच्या रस्त्यावर दिवे बंद, डंपरखाली आला. सकाळी दुधाला गेलेल्या पोरानेच बघितलं. दोन दिवस नीट जेवला नाही, तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "आई, डायवरला तो दिसलाच नसंल."

त्याच्या त्या वाक्यावरून मी शोधायला लागले. तेव्हा कळलं की हे काम पुण्यातच आधी होऊन गेलंय. शंतनू नायडू, जे पुढे रतन टाटांबरोबर काम करायला लागले, ते इथं नोकरीला असताना असंच रस्त्यावर मेलेलं कुत्रं बघून त्यांनी मित्रांना घेऊन मोटोपॉज सुरू केलं, घरोघरी जाऊन जुन्या डेनिमच्या पँटी गोळा केल्या आणि त्यापासून चमकणारे पट्टे शिवून भटक्या कुत्र्यांना घातले. त्यांनी ड्रायव्हर लोकांना विचारलं होतं तेव्हा तेही हेच म्हणाले होते, कुत्रं वेळेत दिसतच नाही. माझ्या पोराचं आणि त्यांचं म्हणणं एकच.

पहिला पट्टा ऑनलाइन घेतला, ३४९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कदाचित मला मिळालेला पीसच खराब असेल. दिसायला एकदम भारी, नायलॉनचा, प्लास्टिकचं क्लिप-बक्कल. पण चमकणारी पट्टी नुसती चिकटवलेली होती, शिवलेली नव्हती, पाच आठवड्यांच्या पावसात कडेने सुटायला लागली आणि खारीने खाजवून खाजवून उरलेली काढली. नायलॉनची कड पण धारदार, गळ्याखालचे केस गेले आणि कातडी लाल झाली. ओला पट्टा चोवीस तास गळ्यात, पाळीव कुत्र्यासारखा रात्री काढून ठेवायची सोय नाही, हे बनवणाऱ्यांच्या डोक्यातच नसावं. ताईंनी सांगितल्यावर लगेच काढला, मलम लावून पंधरा दिवस गळा मोकळा ठेवला.

दुसरा आमच्या इथल्या रिक्षाच्या सीट कव्हरवाल्याकडून शिवून घेतला. ऑगस्टची अखेर. दोन इंची सुती निवार, वरती गाड्यांना लावतात तसली रुंद रेडियम पट्टी पण कापडी बेसची, दोन्ही कडांनी डबल शिलाई, आणि एका बाजूला बोटभर लांबीचं इलॅस्टिक. ते इलॅस्टिक महत्त्वाचं, पट्टा कुंपणात किंवा झुडपात अडकला तर कुत्र्याला मान ओढून सुटता आलं पाहिजे, नाहीतर तिथंच फास बसतो. १२० रुपये. आतल्या बाजूला पोराने लाँड्री मार्करने खारी लिहिलं आणि माझा नंबर. सुती असल्यामुळे लवकर मळतो हे खरं आहे, ओला झाला की वास पण येतो, महिन्यातून एकदा काढून साबणाने धुवून उन्हात वाळवावा लागतो, आणि काळ्या दोऱ्याची शिलाई एका जागी उसवली होती ती त्यांनी परत मारून दिली, पैसे घेतले नाहीत. पट्टी थोडी धुरकट झालीय, अजून वर्षभर टिकेल असं वाटत नाही. पण गळ्याला काहीही त्रास नाही, केस परत आले.

घालताना पट्टा आणि मान यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत. आणि पिल्लांना कृपा करून घालू नका! मान वाढते, पट्टा वाढत नाही, आणि मग तो मांसात रुततो, ताईंनी असं एक कुत्रं डॉक्टरकडे नेलं होतं, त्याचा पट्टा अक्षरशः कापून बाहेर काढायला लागला. पूर्ण वाढ झालेल्या आणि रोज कुणाच्या तरी नजरेसमोर असलेल्या कुत्र्यालाच घाला.

आता चमकण्याबद्दल. रेडियम म्हणतात पण त्यात रेडियम नसतं, आणि ती पट्टी आपली आपण चमकत नाही, दिवसा नुसती राखाडी दिसते. तिच्यात बारीक बारीक काचेचे मणी असतात, ते उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतात, म्हणून गाडीच्या हेडलाइटमागे बसलेल्या ड्रायव्हरला लांबून लख्ख दिसतं आणि बाजूला उभ्या माणसाला काहीच विशेष दिसत नाही. मला आधी वाटलं फसवलं, कारण मी बाजूला उभी राहून बघत होते. हे शोधून काढलं पोराने. रात्री नऊला खारी जेवून मागच्या गेटजवळच्या वाळूच्या ढिगावर झोपायला जाते, हा बाल्कनीतून टॉर्च मारून बघायचा, आणि एक दिवस पळत आला की आई, टॉर्च कंबरेजवळ धरली तर काय दिसत न्हाय, कपाळाला लावून धर मग बघ. मी धरली. खाली काळ्याकुट्ट अंधारात पांढरं कडं पेटल्यासारखं दिसलं, खारीने मान वळवली तसं ते कडं अर्धं झालं, मग परत पूर्ण.

मग ते रोजचंच झालं. नऊ वाजले की बाल्कनी, टॉर्च कपाळाला, खारी जागेवर आहे का बघायचं, मगच झोपायचं. टोस्टनंतर त्याला झोपच लागत नव्हती नीट, ती लागायला लागली.

आणि दिवाळीच्या सुट्टीत एका रात्री खारीवर दोन टॉर्च पडल्या. एक आमची आणि एक समोरच्या बी विंगच्या चौथ्या मजल्यावरून. पोरगा घाबरून आत आला, लाइट बंद केली, म्हणाला कुणीतरी बघतंय. मी म्हणलं बघू दे की, तुझ्यासारखंच कुणीतरी असंल. दुसऱ्या रात्री परत. तिसऱ्या रात्री याने टॉर्च दोनदा चालू-बंद केली तर समोरूनही दोनदा झाली. आठवडाभर हे चाललं, मी स्वयंपाकघरातनं बघायचे आणि काही बोलायचे नाही, कारण बोललं की हा बंद करतो. शेवटी एका संध्याकाळी खारीला भात-अंडं घालताना एक मुलगी वाटी घेऊन आली, त्याच्याहून वर्षभराने मोठी असेल, आणि एकदम म्हणाली, "तूच टॉर्च मारून राहिला ना बे रोज?" नागपूरची होती. जूनमध्येच आलेली. तिलाही शाळेत "करून राहिली" वरून चिडवतात हे मला नंतर तिच्या आईकडून कळलं, त्या माउलीला पण वाटत होतं पोरगी खाली खेळायला जाते.

तेव्हापासून आमच्या घरात "काय लगा" आणि "काऊन बे" दोन्ही चालू आहे. तिच्यामागून तिचा लहान भाऊ, मग सी विंगमधले दोघं. आता चार-पाच पोरं संध्याकाळी खारीभोवती असतात, नंतर क्रिकेट, आणि खारी मिड-ऑनला बसून असते. घाम आलेलं पोरगं घरी येतं.

सोसायटीत वाद झाला, ते पण सांगायला पाहिजे. एका आजोबांनी तक्रार केली, त्यांना पूर्वी एकदा कुत्रं चावलेलं, त्यांची भीती खरी आहे आणि ती खोटी ठरवायचा आम्हाला काही हक्क नाही. मीटिंगमध्ये ताईंनी भटक्या कुत्र्यांबद्दलच्या २०२३ च्या सरकारी नियमांची प्रिंट आणली होती, त्यात खायला घालायची जागा मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब हवी आणि सोसायटीने ती मिळून ठरवायची असं आहे. वाळूच्या ढिगामागची जागा ठरली, भांडी लगेच उचलायची, क्रिकेट दुसऱ्या टोकाला न्यायचं. पट्ट्याचा इथं उपयोग झाला. आजोबा म्हणाले, "आता निदान अंधारात कुठं बसलीय ते दिसतं, पाय तरी पडत नाही." ते रात्री टॉर्च घेऊनच फिरतात.

कांदा, चॉकलेट, द्राक्षं देऊ नका, कुत्र्यांना विषासारखी असतात. बिस्किटांपेक्षा भात आणि उकडलेलं अंडं, मीठ न घालता.

तर पट्टा घ्यायचा असेल तर सुती घ्या, रेडियम शिवलेलं घ्या, इलॅस्टिक सांगून बसवून घ्या. ऑनलाइनपेक्षा जवळच्या सीट कव्हरवाल्याला किंवा बॅगा दुरुस्त करणाऱ्याला नमुना दाखवा, तासाभरात होतं.

परवा देवळाजवळच्या तीन कुत्र्यांसाठी अजून तीन शिवायला टाकले, पोरांनी स्वतःच्या पैशातून. मी लांब उभी होते. दुकानवाल्या काकांनी विचारलं नाव पण शिवून देऊ का, तर माझा पोरगा त्या सगळ्यांच्या पुढं होऊन मोठ्यांदा म्हणाला, "व्हय, आणि ढिला ठेवा, दोन बोटं बसली पायजेत." काकांनी तीनचे साडेतीनशे घेतले.