पंप, पावडर की वाफेचं मशीन? दम लागणाऱ्या माणसासाठी काय घ्यावं

मागच्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला, सासूबाईंना विहिरीवरून कळशी आणताना दम लागतो, रात्री छातीत शिट्या वाजतात आणि शेजारच्यांनी सांगितलंय की सरळ वाफेचं मशीन घेऊन टाका, तर घेऊ का? हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी आईसाठी माझ्यासमोर होता, आणि तेव्हा कुणी नीट सांगितलं असतं तर आमचे पैसे वाचले असते, आणि आईच्या कितीतरी वाईट रात्री टळल्या असत्या. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी फुंकायची टेस्ट. म्हणजे स्पायरोमेट्री. हे सोडून कुठलंही मशीन घेऊ नका, कारण दम लागणं म्हणजे दमाच असं नाही, हृदय कमजोर असेल, रक्त कमी असेल, तरी माणूस धापा टाकतो आणि तिथे पंपाने मूळ कारण जात नाही. टेस्टमध्ये एकदा जोरात फुंकायला लावतात, मग सालब्युटामॉल या श्वासनळ्या उघडणाऱ्या औषधाचे चार पफ देतात (400 मायक्रोग्रॅम), पंधरा मिनिटं बसवतात आणि परत फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 12 टक्के आणि 200 मिली अशा दोन्ही हिशोबांनी वाढली तर औषधाने नळ्या उघडतायत हे दिसतं, दम्याकडे बोट जातं. आणि औषध घेऊनही त्या आकड्याचं एकूण फुंकलेल्या हवेशी प्रमाण 0.7 च्या खाली राहिलं तर सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेला फुप्फुसाचा आजार, जो आपल्याकडे आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायकांना होतो, विडीला हात न लावता. आईने चाळीस वर्षं न्हाणीत पातेरा, चुडतं, सोडणं (सुका पाला, नारळाच्या झावळ्या, नारळाची सालं) जाळून पाणी तापवलं, तिचं तेच निघालं. टेस्टला जाताना निळा पंप (सालब्युटामॉलचा) चार-सहा तास आधी बंद ठेवायचा असतो पण ते डॉक्टरांना विचारूनच, आणि हो, सीओपीडीत आकडा फार वाढला नाही म्हणजे औषध वाया असं समजू नका, आईचा आकडा थोडासाच हलला पण अंगण झाडताना ती आता मध्ये बसत नाही.

आता तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघू.

पावडरवाली कॅप्सूल, म्हणजे रोटाहेलर, आम्हाला सगळ्यात आधी हीच मिळाली. स्वस्त, खिशात मावते, बटण दाबणं आणि श्वास घेणं एकाच वेळी जमवावं लागत नाही. पण तिला जोर लागतो. पावडर उडवून फुप्फुसात न्यायची ताकद तुमच्याच श्वासाची, जोरात आणि खोल ओढायला हवं, आणि ज्याला आधीच धाप लागलीय त्याने तो जोर कुठून आणायचा? आणि दुसरं, आपला कोकणातला पाऊस. जुलैतली एक सकाळ मला अजून आठवते, आईने रात्रीच कॅप्सूल पाकिटातून काढून फळीवर ठेवली होती, अंधारात शोधायला नको म्हणून, सकाळी ओढली आणि म्हणाली, "कायच येत नाय गो ह्यातून." उघडून बघितलं तर आतली पावडर भिंतीला चिकटून गुठळी झालेली, जवळपास सगळीच तशीच. त्याआधी किती दिवस ती अशीच रिकामा श्वास ओढत होती देव जाणे. तेव्हा पावडर घेणार असाल तर कॅप्सूल वापरायच्या क्षणीच बाहेर काढा, यंत्रात उलटा श्वास सोडू नका (त्यानेही ओल जाते), ओढून झाल्यावर कॅप्सूल बघा, पावडर उरली असेल तर परत ओढा. ज्याचा श्वास दमदार आहे आणि जो मुंबई-पुण्यात नोकरी करतो त्याला हे मस्त चालतं. सत्तरीतल्या माणसाला जून ते सप्टेंबर आपल्याकडे, मी नाही देणार.

पंप, म्हणजे दाबायचा इनहेलर. ही गोष्ट 1956 पासून आहे. नुसता पंप तोंडात धरून दाबला तर बहुतेकांचं औषध घशातच बसतं, दाबायची वेळ आणि ओढायची वेळ चुकते. आरशासमोर करून बघा, तोंडातून नाहीतर नाकातून पांढरा धूर बाहेर आला तर तेवढं औषध गेलं. म्हणून स्पेसर, ती प्लास्टिकची लांबट बाटली. पंप एका टोकाला, तोंड दुसऱ्या टोकाला, एक पफ दाबायचा, हळू आणि खोल श्वास, मग मनात दहा मोजेपर्यंत धरून ठेवायचा, दुसरा पफ हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून परत हलवून. (पावडरला जोर आणि पंपाला सावकाशपणा, हे उलटं आहे, आणि घरात दोन्ही असतील तर इथेच गोंधळ होतो.) दम जास्त असेल आणि श्वास धरता येत नसेल तर एका पफमागे पाच-सहा साधे श्वास त्याच बाटलीतून घेतले तरी चालतं. आई सुरुवातीला म्हणालीच, "माका ह्या जमाचा नाय," पण बाटलीतली झडप श्वासाबरोबर टकटक हलते ती ऐकू यायला लागली तसं तिला कळलं की औषध जातंय, आणि तिसऱ्या दिवसापासून तिची तीच घ्यायला लागली.

बाटली धुवायची भांड्याच्या साबणाच्या पाण्यात, आणि फडक्याने पुसायची नाही, तशीच वाळू द्यायची, पुसली की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींनाच चिकटतं. पावसात दोन दिवस वाळत नाही, म्हणून आम्ही दोन स्पेसर ठेवलेत. तेवढा खर्च सोसण्यासारखा आहे.

मग वाफेचं मशीन, नेब्युलायझर. याच्याबद्दल आपल्याकडे फार विश्वास आहे, मशीन म्हणजे भारी औषध. साधा हिशोब करा, मशीनच्या एका कुपीत सालब्युटामॉल 2.5 मिलिग्रॅम असतं, पंपाच्या एका पफमध्ये 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे एक कुपी पंचवीस पफांएवढी. त्यातलं बरंचसं हवेत उडून जातं, तरी हात थरथरणं आणि छाती धडधडणं यातूनच येतं. आणि जिवावर बेतलेला नसलेला दम्याचा अटॅक असेल तर स्पेसरमधून चार ते दहा पफ हे मशीनइतकंच काम करतात, हे लहान-मोठ्या दोघांमध्येही तपासून झालंय. घरी किती पफ घ्यायचे ते मात्र डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

मशीनला वीज लागते. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, मशीन कपाटात आणि आई पंपावर. इन्व्हर्टरवर चालतं, बॅटरीवालंही मिळतं, पण कप रोज धुवून कोरडा नाही ठेवला तर आपल्या हवेत आत बुरशी धरते आणि तीच फुप्फुसात जाते. अजून एक, इप्राट्रोपियमची (हेही नळ्या उघडणारं औषध) कुपी असेल आणि काचबिंदूचा त्रास असेल तर मास्कपेक्षा तोंडात धरायची नळी बरी, मास्कच्या फटीतून वाफ डोळ्यात जाते.

तरी मशीन कुणासाठी? ज्याला स्पेसरही धरता येत नाही, बोटं वाकडी झालीत, विसरभोळेपणा फार आहे, किंवा डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय, त्यांनी घ्यावं. मावसबहिणीला मी सांगितलं, आत्ता नको.

पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, हे ऐकून ऐकून माणसं गोळ्या खातात, तर तसं नाही, श्वासातून औषध थेट नळ्यांत जातं म्हणून फार कमी मात्रेत काम होतं. पण नुसत्या निळ्या पंपावर वर्ष काढणं हेही चूक, दम्यात तर 2019 पासून गिना या दम्यावरच्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शिकेनेच सांगितलंय की मोठ्या माणसांना एकट्या सालब्युटामॉलवर ठेवू नये, सोबत सूज कमी करणारं स्टेरॉइडचं श्वासातलं औषध हवं. ते घेतल्यावर गुळणी करून पाणी थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरं येतं.

कॅन्सरच्या किंवा अगदी शेवटच्या टप्प्यातल्या माणसाच्या दमासाठी मॉर्फिनची वाफ देतात का असंही मला एकाने विचारलं. त्यावर प्रयोग झालेत, साध्या सलाईनच्या वाफेपेक्षा स्पष्ट फायदा दिसलेला नाही. त्यापेक्षा हातातला छोटा पंखा चेहऱ्यावर, नाक-ओठांच्या भागावर धरला तर धाप खरंच हलकी वाटते, आणि तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनबद्दल डॉक्टरांशी बोलता येतं.

आमच्या पडवीत आता एक पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकीचा जोर मोजायची नळी, लटकलेला असतो, स्वस्त आहे, तीनदा फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा. कोणतं औषध लागू पडतंय याचा अंदाज सीओपीडीत फक्त यावरून येत नाही, पण दम्याच्या माणसाला पंपाआधी आणि पंपानंतर पंधरा मिनिटांनी लिहिलं तर पंधरा दिवसांत चित्र दिसतं, आणि ती वही घेऊन गेलं की डॉक्टरही नीट बोलतात. चांगल्या दिवसाच्या आकड्यापेक्षा निम्म्यावर आला, माणूस पूर्ण वाक्य बोलू शकत नाही, ओठ निळसर पडलेत किंवा एकदम सुस्त झालाय, तर पंप, पावडर, मशीन कशाचाही विचार करत बसायचं नाही, 108 ला फोन लावायचा आणि गाडी येईपर्यंत माणसाला टेकून बसतं ठेवून स्पेसरमधून पफ देत राहायचे. आमच्याकडून ओरोसला जिल्हा रुग्णालयात पोचायला वेळ लागतो, गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलला तर त्याहून जास्त, म्हणून रात्री उजाडायची वाट बघत थांबू नका.