40 मिमी चौकोनी आसाचा कॉड एंड, एक सीझन वापरून

मागच्या सीझनला ट्रॉलरचा जुना डायमंड (शंकरपाळ्यासारख्या) आसाचा कॉड एंड, म्हणजे जाळ्याची मासा गोळा होणारी शेवटची पिशवी, काढून (आस म्हणजे जाळ्याचं भोक) 40 मिमी चौकोनी आसाचा लावला, घ्यायच्या आधी शोधलं तेव्हा वापरणाऱ्याने लिहिलेलं काही सापडलं नव्हतं म्हणून आता मीच लिहितोय.

डायमंड आस किनाऱ्यावर हातात धरला की चांगला मोठा वाटतो, पण मागे माल भरून ताण आला की लांबट होऊन मिटतो, म्हणजे साईझ नियमात बसते आणि पाण्यात मात्र पिल्लूसुद्धा निसटत नाही. चौकोनी आस ताणाखालीही उघडा राहतो. पहिल्याच ओढीला कळलं, डेकवर माल ओतला तर करंगळीएवढी पिल्लं जवळपास नाहीतच, खलाशांची निवड अर्ध्या वेळात उरकली आणि मोठा मासा कमी चेंगरलेला, त्यामुळे दरही बरा आला.

आता खरं दुखणं. पहिला महिना गल्ला कमी झाला. बारीक मासा फिशमीलला, म्हणजे माशाची भुकटी करायला, जातो, दर कमी असला तरी रोख मिळते आणि डिझेलला हातभार लागतो, शिवाय खलाशी वाट्यावर काम करतात, त्यांच्या खिशातून हे सरळ कमी होतं, ते कुरकुरले तर त्यांचं काय चुकलं? आणि मी सोडलेलं पिल्लू शेजारची बोट बारीक आसाने उचलणार असेल तर मी सोडायचं कशाला. स्कॉट गॉर्डन या अर्थतज्ज्ञाने 1954 मध्येच हे मांडलंय, समुद्र सगळ्यांना मोकळा असला की नफा संपेपर्यंत बोटी वाढतच राहतात. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा कॉड मासा असाच आटला, 1992 मध्ये मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो लोकांचं काम गेलं. म्हणून नियम सगळ्यांना एकच हवा असं मला मनापासून वाटतं, आणि युरोपियन युनियनने 2006 मध्ये भूमध्य समुद्रासाठी हाच 40 मिमी चौकोनी आस सक्तीचा केला तेव्हा मालकाने कारण दिलं तर 50 मिमी डायमंडची मुभा ठेवली, ते मला पटत नाही. तपासणीही डेकवर व्हायला हवी, कारण आतून बारीक जाळ्याचं अस्तर लावणारेही असतात.

जाळ्याचे दोष पण आहेत. माझा गाठीचा होता, गाठी सरकून आस वाकडे झाले, आणि फाटलं तर शिवायला डायमंडपेक्षा जास्त वेळ जातो कारण हात त्या सवयीचे नाहीत. चपटे मासे हेच मुख्य उत्पन्न असेल तर घेऊ नका, त्यांना डायमंडच बरा पडतो, चौकोनी गोलसर अंगाच्या माशांसाठी चांगला.

पुढच्या सीझनला शेजारच्या दोन बोटी पण लावतायत, त्यामुळे मी दुसरा ऑर्डर केलाय, यावेळी बिनगाठीचा.