संदर्भ-संवेदी व्याकरणासाठी जेफ्लॅप: लहान शब्दांपुरतं उत्तम

ड्यूक विद्यापीठात सुझन रॉजर यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेलं जेफ्लॅप हे फुकट सॉफ्टवेअर टीओसीचे, म्हणजे थिअरी ऑफ कम्प्युटेशनचे, विद्यार्थी बहुधा फायनाइट ऑटोमेटासाठीच (मर्यादित स्थितींची साधी यंत्रं) उघडतात. ते संदर्भ-संवेदी व्याकरणालाही (ज्यात चिन्ह बदलायचं की नाही हे शेजारच्या चिन्हांवर ठरतं) चालतं, पण मेनूत त्याचं वेगळं बटण नाही. अशा व्याकरणाच्या भाषा ओळखणाऱ्या यंत्राचं, लिनियर बाउंडेड ऑटोमेटनचंही नाही.

'ग्रामर' उघडा आणि एका ओळीत एकच नियम भरा. कॅपिटल अक्षर म्हणजे व्हेरिएबल (पुढे बदलायचं चिन्ह), बाकी सगळे टर्मिनल (शब्दात शेवटी उरणारी अक्षरं). सुरुवातीचं चिन्ह पहिल्या ओळीवरून ठरतं, म्हणून एसचा नियम वर ठेवा. नियमाची उजवी बाजू डावीपेक्षा आखूड नाही ना, हे मात्र आपणच तपासायचं.

नेहमीचं उदाहरण घ्या: जितके ए, तितकेच बी, तितकेच सी. एसचे दोन नियम (एसच्या जागी स्मॉल ए, एस, कॅपिटल बी, कॅपिटल सी; किंवा तेच मधल्या एसशिवाय), कॅपिटल सी-बीचं बी-सी असं अदलाबदल करणारा एक, आणि कॅपिटलचं स्मॉल करणारे चार. चूक होते ती या चारांत. लगेच डावीकडे स्मॉल ए किंवा स्मॉल बी असेल तरच बी स्मॉल करायचा. सीसाठी डावीकडे स्मॉल बी किंवा स्मॉल सी हवा. ही अट गाळली की एएबीसीबीसी हा चुकीचा शब्दही स्वीकारला जातो. म्हणून आधी तोच तपासा, एएबीबीसीसी नंतर.

अदलाबदलीच्या नियमात दोन्ही चिन्हं एकदम बदलतात, त्यामुळे एका वेळी एकच व्हेरिएबल बदलू देणाऱ्या काटेकोर व्याख्येत तो बसत नाही. बसवायचा तर दोन जादा व्हेरिएबल घेऊन त्याचे चार नियम करावे लागतात. भाषा तीच राहते, पण तीन ए, तीन बी, तीन सी असलेल्या शब्दाला १२ ऐवजी २१ पायऱ्या लागतात. ब्रूट फोर्स पार्स, म्हणजे शब्द नियमांतून बनतो का हे आपोआप शोधणारा पर्याय, नियम लावायच्या सगळ्या फांद्या धुंडाळतो, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो. सरावाला आखूड रूपच घ्या.

शब्द नाकारायला जास्त वेळ लागतो, कारण एकही फांदी सोडून चालत नाही. तरी शोध संपणार हे नक्की: दिलेल्या शब्दापेक्षा लांब झालेली चिन्हांची रांग परत आखूड होत नाही, ती टाकून देता येते. लॅम्ब्डाचा, म्हणजे चिन्हाच्या जागी काहीच न ठेवणारा, नियम घातला की ही हमी गेली.

सर्वांत मोलाचा भाग म्हणजे यूजर कंट्रोल पार्स. नियम आपण निवडायचा. अदलाबदलीआधीच सी स्मॉल केला, तर त्याच्या उजवीकडचा कॅपिटल बी कायमचा अडकतो, आणि ते डोळ्यांसमोर दिसतं. फळ्यावर हे इतकं स्पष्ट होत नाही. जेफ्लॅपमधले सीवायके, एलएल आणि एसएलआर हे इतर पार्सर मात्र इथे कामाचे नाहीत. ते संदर्भमुक्त व्याकरणासाठी (नियमाच्या डावीकडे एकटं व्हेरिएबल असलेल्या) आहेत.