भुरीवर पोटॅशियम बायकार्बोनेट: गांजाच्या झाडांवर आठ महिन्यांचा अनुभव

निफाडला आमची द्राक्षबाग आहे, त्यामुळे भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी, लहानपणापासून ओळखीची. सॅक्रामेंटोत घराच्या गॅरेजमध्ये तिच्याशी पुन्हा गाठ पडेल असं मात्र वाटलं नव्हतं. बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, रात्री पाय आखडतात. डॉक्टरांशी बोलून ती व्हेपोरायझरमधून गांजा घेते. कॅलिफोर्नियात घरटी ६ झाडं लावायला परवानगी आहे, म्हणून आम्ही घरीच लावतो. (भारतात हे कायद्यात बसत नाही, तिथे करू नका.)

फेब्रुवारीत खालच्या एका पानावर पिठाचं बोट लागल्यासारखा ठिपका दिसला. फुलाजवळच्या पानांवर मुळातच राळेचे पांढुरके दाणे असतात, त्यामुळे आधी गोंधळलो. भिंगातून पाहिल्यावर फरक कळला. राळेचे दाणे उभ्या टाचण्यांसारखे दिसतात, भुरी मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखी आडवी पसरलेली असते.

बागेच्या सामानाच्या एका दुकानात गुलाबावरचं बुरशीनाशक हातात दिलं, "सगळे हेच मारतात" म्हणून. वर घटक लिहिला होता मायक्लोब्युटॅनिल. आबांनी द्राक्षावर वर्षानुवर्षं मारलेलं औषध! फोन केला तर म्हणाले, "मार की, चांगलं काम करतं." करतं, यात वाद नाही. पण द्राक्ष आपण खातो, तापवून त्याची वाफ छातीत ओढत नाही. हे औषध आंतरप्रवाही आहे, पानात मुरतं, धुऊन जात नाही. आणि जास्त तापलं की त्याचं विघटन होऊन हायड्रोजन सायनाइड तयार होतो. द्राक्षासाठी ठरवलेली अवशेषाची मर्यादा पोटात जाणाऱ्या मालासाठी आहे, ती इथे लावून चालत नाही. २०१६-१७ च्या सुमारास कॅनडात परवानाधारक उत्पादकांच्या औषधी गांजात हेच सापडलं आणि माल बाजारातून परत मागवावा लागला. आबांना सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "सूनबाईच्या छातीत जाणार ते. नको मारू." डबा परत करून आलो.

राज्याच्या कीटकनाशक खात्याने गांजावर चालणाऱ्या घटकांची यादी दिली आहे. त्यात पोटॅशियम बायकार्बोनेट, गंधक, कडुनिंबाचं तेल, बॅसिलस सबटिलिस हे सगळे आहेत. मी बायकार्बोनेट निवडलं. आमच्याकडे काढणी जवळ आली की द्राक्षावरही तेच मारतात, त्यामुळे हात बसलेला होता. एका गॅलन पाण्याला एक मोठा चमचा घेतो आणि दिवे बंद झाल्यावर फवारतो. पानाची खालची बाजू भिजलीच पाहिजे. जिथे लागलं तिथली भुरी दुसऱ्या दिवशी तपकिरी पडून वाळते. पण हे स्पर्शजन्य आहे, पुढचं संरक्षण काही नाही, त्यामुळे दर आठवड्याला पुन्हा मारावं लागतं. एकदा घाईत दोन चमचे टाकले तर पानांच्या कडा करपल्या.

याहून मोठी चूक मार्चमध्ये केली. कडुनिंबाचं तेल मारून दहाच दिवस झाले होते आणि वरून गंधक मारलं. दोन्हींत किमान दोन आठवडे अंतर लागतं हे मला माहीत होतं, तरीही. दोन झाडांची कोवळी पानं जळाली. गंधक मारताना मास्क आणि चष्मा लावाच, डोळे फार चुरचुरतात. फुलं धरल्यावर तर गंधक आणि तेल दोन्ही बंद, वास आणि चव मालात राहते.

खरा फरक पडला तो हवेने. भुरीला पान ओलं लागत नाही, दमट कोंदट हवा पुरते. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवली, पंखा चोवीस तास सुरू ठेवला, खालची गर्दी छाटली. तेव्हापासून फवारण्या निम्म्यावर आल्या.

फुलाच्या तिसऱ्या आठवड्यानंतर मी काहीच मारत नाही, बायकार्बोनेटसुद्धा. यावेळी पाचव्या आठवड्यात एका फांदीवर भुरी थेट फुलात शिरली. फांदी कापली, पिशवीत बांधली आणि कचऱ्यात टाकली. मूठभर माल गेला. फवारून वाचवला असता, तर तो तिच्या हातात द्यायची हिंमत मला झाली नसती.