चौदा महिने वापरलेला कंट्रोलर: सगळं उत्तम, डावी स्टिक सोडून

गाड्यांनी फुटबॉल खेळायच्या ‘रॉकेट लीग’ या गेममध्ये माझी गाडी सरळ रेषेत जायची बंद झाली, तिथून हे सगळं सुरू झालं. चेंडू समोर, गोल मोकळा, अंगठा स्टिकवरून उचललेला, आणि गाडी हळूच डावीकडे सरकतेय. आधी वाटलं, मीच चुकतेय. तीन-चार सामने हरल्यावर कंट्रोलर टेबलावर ठेवला, हात मांडीवर घेतले आणि नुसती बघत बसले. कोणी हात न लावता गाडी वळत होती.

हा रिव्ह्यू लिहायला इतके महिने थांबले याला कारण आहे. कंट्रोलरचे बहुतेक रिव्ह्यू आठवड्याभराच्या वापरावर लिहिले जातात, आणि आठवड्याभरात सगळेच कंट्रोलर चांगले असतात. पकड, बटणांचा आवाज, ट्रिगरचा ताण, बॅटरी या बाबतीत माझी आजही तक्रार नाही. ट्रिगर तर आजवर वापरलेल्यांत सर्वात आवडलेले. पण साधारण ६०० तासांनंतर डाव्या स्टिकचा मध्य हलला, आणि मध्य हललेल्या कंट्रोलरचे बाकीचे गुण मला मोजावेसे वाटत नाहीत.

दोष तपासायला ब्राउझरमध्ये अक्षांचे आकडे दाखवणारं साधं पान पुरतं. स्टिक मोकळी सोडल्यावर आकडा शून्याच्या आसपास हवा, एका बाजूला पूर्ण ढकलली की एक. माझा आडव्या अक्षाचा आकडा उणे ०.०९ वर थांबला होता. स्टिक एकदा गोल फिरवून सोडली की ०.०३, परत सोडली की ०.०९. दर वेळी वेगळा.

ज्याला सांगावं तो एकच उपाय सांगतो: डेडझोन वाढव. म्हणजे मध्याभोवतीची जितकी हालचाल गेमने दुर्लक्षायची, तो भाग मोठा कर. हे मला पटत नाही. दुखणं अंगावर काढण्यातला हा प्रकार आहे. मी डेडझोन ०.०५ वर ठेवते, कारण हवेत गाडीचं नाक जरासं वर उचलायचं तर अंगठ्याच्या पहिल्या केसभर हालचालीलाही उत्तर मिळावं लागतं. तो ०.१५ केला की ड्रिफ्ट, म्हणजे हात न लावता होणारं हे सरकणं, दिसेनासा होतो आणि तेवढी बारीक हालचालही जाते. पैसे मी त्या बारीक हालचालीसाठीच मोजले होते.

याच डेडझोनमुळे सर्व्हिस सेंटरशीही वाजलं. आठव्या महिन्यात, वॉरंटी चालू असताना कंट्रोलर पाठवला. त्याआधी फर्मवेअर अपडेट करा, मागच्या भोकात पिन घालून रीसेट करा, व्हिडिओ पाठवा, व्हिडिओ स्पष्ट नाही, पुन्हा पाठवा, हे सगळं झालं. दोन आठवड्यांनी कंट्रोलर परत आला, सोबत चिठ्ठी: चाचणीत दोष आढळला नाही. फोनवर खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्यांनी तो एका गेममध्ये चालवून पाहिला होता. त्या गेमचा डेडझोन किती, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. मोठ्या डेडझोनच्या गेममध्ये माझीही स्टिक ठणठणीत दिसते. ‘हॉलो नाइट’ मी त्या काळात आरामात खेळत होते, कारण तिथे डावं की उजवं एवढंच कळावं लागतं. दुसऱ्यांदा आकड्यांचे फोटो लावून पाठवला, तर उत्तर आलं की ही वापरातली नैसर्गिक झीज आहे आणि ती वॉरंटीत बसत नाही. आधी दोष नाही, मग दोष आहे पण तुमचा. मी हात टेकले.

वॉरंटी संपली तसा स्क्रूड्रायव्हर काढला. नवा कंट्रोलर घेणं माझ्या जीवावर आलं होतं. एका स्टिकपायी चांगले ट्रिगर आणि धडधाकट बॅटरी कचऱ्यात कशी टाकू?

स्टिकच्या डबीला दोन बाजूंना स्टिक किती कलली ते मोजणारे दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या अक्षाचा, एक उभ्या. एकाचं झाकण उघडलं. आत नखाएवढ्या पट्टीवर कार्बनचा काळा थर, आणि त्यावर सतत टेकून घासणारी धातूची दोन बारीक बोटं. कार्बनवर मधोमध, जिथे स्टिक सर्वात जास्त वेळ असते तिथे, चकचकीत रेघ पडली होती. कडेला काळी भुकटी. कापसाच्या बोळ्याने पुसली तर बोळा काळा झाला. पुसून आठ दिवस बरे गेले, मग पुन्हा ०.०७.

मला याचाच राग येतो. न घासणारी स्टिक कालपरवा सापडलेली नाही. हॉल परिणाम, म्हणजे चुंबकाच्या क्षेत्राचा वाहत्या विजेवर होणारा परिणाम, १८७९ सालचा. दांड्याला चुंबक लावायचं, त्याचं क्षेत्र किती हललं ते सेन्सरने स्पर्श न करता मोजायचं. सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये हेच वापरलं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी आलेल्या निन्टेंडो ६४ च्या स्टिकचं दुखणं वेगळं होतं. तिथे मोजणी प्रकाशाने व्हायची, पण प्लास्टिकवर प्लास्टिक घासून भुगा पडायचा आणि स्टिक लुळी व्हायची. निन्टेंडोच्याच २०१७ च्या स्विच कन्सोलच्या जॉय-कॉन कंट्रोलरमधल्या ड्रिफ्टवरून अमेरिकेत खटले झाले, २०२० मध्ये निन्टेंडोच्या अध्यक्षांना ग्राहकांची माफी मागावी लागली. आणि आपण गेमर मंडळी फ्रेमरेटवरून रात्र-रात्र भांडतो, पण स्टिक वर्षभरात झिजणारच हे मुकाट धरून चालतो.

तर मी हॉल सेन्सरची स्टिक मागवून बसवली. सोल्डरचे १४ टाके सोडवायला दीड तास लागला. जुनी डबी ओढून काढायची घाई करू नका, बोर्डावरचा तांब्याचा थर सोबत उखडतो. आधी प्रत्येक टाक्यात नवं सोल्डर भरा, मग सगळं एकदम वितळवा.

इथपर्यंतचा मजकूर बसवल्यानंतर दुसऱ्याच दिवशी लिहिला होता. पुढचं सहा आठवड्यांनंतरचं आहे, आणि माझं मत थोडं बदललंय.

हॉल स्टिकने ड्रिफ्ट गेला, पण पहिले काही दिवस खेळ बिघडला. मध्य शून्यावर, पण पूर्ण उजवीकडे दाबूनही आकडा ०.९३ च्या पुढे जाईना, कारण कंट्रोलरच्या मेमरीत जुन्या स्टिकचीच मापं होती. कॅलिब्रेशन केल्यावर, म्हणजे नव्या स्टिकची मापं नोंदवल्यावर, जमलं. स्टिक मध्यावर परत आणणारी स्प्रिंग मात्र मूळच्यापेक्षा सैल वाटते, आणि स्प्रिंग सेन्सर कुठलाही असला तरी थकणारच. ‘आयुष्यभर ड्रिफ्ट नाही’ असं पाकिटावर छापलंय, ते मी मानत नाही.

दुसरं, सगळा दोष कार्बनच्या माथी मारणं बरोबर नव्हतं. धावण्यासाठी स्टिकच खाली दाबायची, ही सवय किती गेम्सनी लावलीय! आपण स्टिक पुढे पूर्ण ढकलून वरून जोराने दाबतो, तासाला शंभरदा. डावीच आधी गेली, त्याला हेही कारण असावं असं मला वाटतं. आता जिथे जमेल तिथे धावणं दुसऱ्या बटणावर घेतलंय. नवा गेम लावला की आधी सेटिंग्जमध्ये हाच पर्याय शोधते. तो नसेल तर त्या गेमबद्दलचं माझं मत तिथेच खाली येतं.

कंट्रोलर घ्यावा का? स्टिकच्या डब्या वेगळ्या, सोल्डर न करता बदलता येतील असा मिळत असेल, किंवा चुंबकाच्या स्टिकचा, तर ट्रिगर थोडे कमी चांगले असले तरी तो घ्या. माझा मी टाकणार नाही.

उजवी स्टिक अजून मूळचीच आहे. काल रात्री तिचा आकडा पाहिला, ०.०४.